कोरडं कपाळ

मंगल कार्यालयातले कूलर बंद पडून बराच वेळ झाला होता. चंद्रपूरच्या मे महिन्यातली दुपार. वडीलधारी मंडळी लग्नपत्रिकांनी वारा घेत घामाने निथळत होती. नवरीच्या वयाच्या पोरी मात्र कोरड्या होत्या, फक्त लालबुंद.

“बघा, माझ्या पूर्वाच्या कपाळावर एक थेंब नाही,” सुनंदाबाई विहीणबाईंना कौतुकाने सांगत होत्या. लग्नाआधी मुलीच्या घामाच्या ग्रंथी बंद करून घेणं आता हळद लावण्याइतकंच ठरलेलं होतं. मेकअप ओघळत नाही, फोटो छान येतात.

कन्यादानासाठी दिवाकररावांनी लेकीचा हात हातात घेतला आणि ते दचकले. हात तव्यासारखा तापला होता.

“बाबा, थंडी वाजतेय,” पूर्वा पुटपुटली आणि त्यांच्या अंगावर कोसळली.

त्यांनी तिला आडवं केलं आणि पाण्याचा जार तिच्यावर रिकामा केला.

“अहो, शालू!” सुनंदाबाई ओरडल्या.

“खड्ड्यात गेला शालू! हिला घाम येत नाही, म्हणून आपणच भिजवायचं. वारा घाला!”

पत्रिका भराभर हलू लागल्या. कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. दुसरा जारही संपला. ओली कातडी बघता बघता सुकत होती. सुनंदाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकदम त्यांना तिच्या कपाळावर टपोरा थेंब दिसला.

“घाम आला! अहो, हिला घाम आला!” त्या रडता रडता हसल्या.

लेकीवर वाकलेल्या दिवाकररावांच्या नाकाच्या शेंड्यावरून दुसरा थेंब निसटला आणि तिच्या कपाळावर पडला.