बोला ताई, काय देऊ?

मुलांनो, जळगावात मेहरूण तलावाजवळ एक नवं भरीत सेंटर आहे, अशी कल्पना करा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत. मालक लीलाधरभाऊ नुकतेच फौजेतून निवृत्त झालेत. गिऱ्हाईक दिसलं की ते अजूनही हुकूम सोडतात, "चला, बसा तिकडे! लवकर सांगा!" एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. असंच चाललं तर दुकान बंद करावं लागणार.

म्हणून त्यांची मुलगी मयुरी त्यांना रोज शिकवायची. "पप्पा, ही काय परेड शे? हसायचं, हळू आवाजात विचारायचं, 'बोला ताई, काय देऊ?'" पप्पा घोकायचे, पण गिऱ्हाईक आलं की आवाज चढायचाच.

रविवारी मयुरीच्या नव्या शाळेतल्या मैत्रिणी नूतनच्या वाढदिवसाला नेमक्या तिथेच जेवायला निघाल्या. मयुरीला नाही म्हणता आलं नाही. बाकावर बसताच नूतन हसून म्हणाली, "केवढ्यानं ओरडतात गं हे काका! तुझ्या ओळखीचे आहेत का?"

"नाही गं. मी कशाला ओळखू?"

मयुरीने मान वळवली, तर पप्पा पाण्याचा जग घेऊन मागेच उभे होते.  ते तिच्याकडे बघून हसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोला ताई, काय देऊ?"

 

मयुरी उठली, त्यांच्या हातातला जग घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "द्या पप्पा, वाढायला मी येते."