डावीकडची ओढ

“गाडी डावीकडे ओढते,” म्हणत उभा जन्म टॅक्सी चालवलेले बाबा पुन्हा लेकीच्या गॅरेजमध्ये आले, तेव्हा ती वैतागलीच. याआधी तिनं टायरची हवा तपासली होती, अलाइनमेंट केलं होतं, झिजलेला बॉल जॉइंटही बदलला होता. तिच्या हातात गाडी सरळच जायची. “तुला गाडीची भाषाच कळत नाही,” बाबा करवादले. शेवटी ती शेजारी बसली. “चालवा, बघते मी.” चौकाजवळ तिचं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. बाबांचा उजवा हात त्यावरून घसरत होता, बोटं मिटतच नव्हती. डाव्या हाताच्या ओढीनं गाडी डावीकडे वळत होती. “गाडी बाजूला घ्या, बाबा.” “सापडला ना दोष?” ते खुशीत म्हणाले. “होईल दुरुस्त?” तिनं तो लुळा हात हातात घेतला. “डॉक्टरांना विचारू.” बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग उतरून तिच्या दाराशी आले. “तू चालव.”