पटलावरचा कागद

बारूद कारखान्याच्या स्फोटात गेलेल्या सात पोरींची नावं लोकसभेत वाचतो, असा शब्द खासदारसाहेबांनी प्रेमिलाबाईंच्या घरी चहा पिताना दिला होता. त्या सातांत प्रेमिलाबाईंची लेक वैभवीही होती. मंगळवारी सारी गल्ली टीव्हीपुढे बसली. साहेबांनी नऊ मिनिटं आपल्याच नेत्याचे गोडवे गायले. वेळ संपल्याची घंटी वाजताच ‘उरलेलं भाषण सभापटलावर ठेवतो’ म्हणत कागद देऊन बसले. एकाही पोरीचं नाव घेतलं नाही. शनिवारी नागपूर विमानतळावरून साहेब कॅमेऱ्यांसकट थेट प्रेमिलाबाईंच्या घरी आले. “काकू, कागद पटलावर ठेवला की भाषण वाचलं असंच समजतात तिथं. वैभवीचं नाव रेकॉर्डवर आलं!” प्रेमिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आतून कपबशी आणली. साहेबांनी कप उचलला. तो रिकामा होता. “काहून थांबले जी?” प्रेमिलाबाईंनी विचारलं. “कप ठेवला नं पुढं? चहा पाजला असंच समजा.”