माळगल्लीचा नमुना

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माळगल्लीतलं तिसरं मूल कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखल झालं. तिघांनाही कावीळ. सगळ्यात आधी आलेली निशिगंधा, वय सहा, पिराजीची नात. पिराजी तिच्या उशाशी उभा होता. गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. आज त्यानं बदली माणूस लावला होता.

"तिन्ही मुलं एकाच गल्लीतली," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या. "पाणी उकळून पिता का?"

"उकळायचं कशाला?" पिराजीची सून वर्षाराणी म्हणाली. तिनं मोबाईल पुढं केला. "पाण्याचा रिपोर्ट नेटवर असतोय आता. समदी गल्ली बघती. ह्यो ह्याच महिन्याचा."

ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर पाच गल्ल्यांची नावं होती. पाचही नावांपुढं 'पिण्यास योग्य' असं लिहिलं होतं. तळाला नमुने घेणाऱ्याची सही.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. "मग कारण पाणी नसावं. बाहेरचं काय खाल्लं होतं हिनं?"

"मामंजी, सांगा की. जत्रंत बर्फाचा गोळा तुमीच चारलासा."

पिराजीनं मोबाईलवरची ती सही बघितली. तपासणीसाठी दर महिन्याला पाच गल्ल्यांतल्या नळांच्या पाच बाटल्या त्यालाच भरायच्या असत. माळगल्ली गावाच्या शेवटाला, चढावर. त्याचा गुडघा धरायचा. टाकी एकच, मग नळ कुठला का असेना, असं तो धरून चालला होता. मधल्या पाइपात घाण शिरू शकते, हा विचार त्यानं केला नव्हता.

"त्यो कागद खरा धरू नका, डॉक्टर," तो म्हणाला. "पाचबी बाटल्या मी टाकीखालच्याच नळाला भरल्यात. माळगल्लीचं पाणी कुणी तपासलंच न्हाय."

वर्षाराणीनं मोबाईल खाली घेतला. डॉक्टरांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. तो कुणी उचलला नाही. पाणी थांबवायला सांगावं, तर बदली माणसाचा फोन बंद लागला. पिराजीनं शेजारच्या झुंबरबाईला लावला.

"आक्का, नळाचं पाणी पिऊ नका. गल्लीत समद्यास्नी सांगा. चांगलं न्हाय त्ये."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय की."

"मग नेटवर काय खोटं लिवलंय व्हय? तुजीच सही हाय की खाली. ठेव फोन, पाणी आलंय."

फोन बंद झाला. तेव्हा सात पन्नास झाले होते. माळगल्लीला पाणी साडेआठपर्यंत असतं.