एका जेवणापुरतं व्रत

विजूने दोन्ही कान दाबून धरले आणि ती पंगतीतून उठून पळाली. कोठीच्या खोलीत पोत्यांमागे जाऊन बसली. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती.

"गेली," माई म्हणाल्या. माई म्हणजे विजूच्या आईच्या, दमयंतीच्या, सासूबाई. "आता तरी पटलं ना तुला?"

उद्या पहाटेच्या एस.टी.ने दमयंतीचा नवरा शामकांत विजूला पुण्याला, अशा मुलांच्या संस्थेत नेऊन ठेवणार होता. माईंनीच तसं ठरवलं होतं, आणि त्या काही दुष्ट नव्हत्या. आठ वर्षांची पोर बोलत नव्हती, कुणाकडे बघत नव्हती. कोठीत एकटी बसली तरच आईच्या हातून जेवायची. "तू नि मी गेल्यावर हिला पोत्यांमागे बसून कोण भरवणार गं?" माई म्हणायच्या. "चार माणसांत बसून जेवली असती, तर मी जा म्हटलं नसतं."

भाद्रपद कोरडा चालला होता. राहुरीच्या बाजारच्या दिवशी दुष्काळी काम बंद असायचं. त्या दिवशी छबूबाई आणि साळूबाई आपापली भाकरी बांधून दमयंतीकडे यायच्या. तिघींची ओळख नगरच्या दवाखान्यात, बाकावर झालेली. छबूबाईचा गोरक्ष, साळूबाईचा नातू मच्छिंद्र आणि विजू, तिघांच्या दुखण्याला डॉक्टरांनी धड नाव दिलं नव्हतं. बायका नुसतं 'आपली पोरं' म्हणायच्या. एकीने सुचवायचं, दुसरीने करून बघायचं. गोरक्ष अंगावर पाणी घेत नसे, त्याला आधी तांब्याशी खेळू द्यायचं, ही युक्ती साळूबाईची. मच्छिंद्र न सांगता कुठेही चालू लागे, त्याच्या कमरेला घुंगरू बांधायचं, ही दमयंतीची. विजूच्या जेवणापुढे मात्र तिघींनी हात टेकले होते.

आज शेवटचं म्हणून तर सगळ्या जीव तोडून आग्रह करत होत्या. "घे गं माझी बाय, येकच घास," असं छबूबाई म्हणत होती. माई आमटीची वाटी पुढे करून, "हा काऊचा, हा चिऊचा," करत होत्या. माईंच्या आग्रहाला सगळी आळी भ्यायची. त्यांच्या पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन पोळ्या जास्त पडत. यंदा रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आली होती वेळ, तरी आग्रह तोच.

साळूबाई तेवढी गप्प होती. तिचं चातुर्मासात मुक्यानं जेवायचं व्रत होतं. जेवण उरकेपर्यंत ती शब्द काढत नसे.

दमयंतीने विजूच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. पाट साळूबाईच्या शेजारी होता. गेल्या बाजारीही तिथेच होता. विजू दर वेळी तिथेच येऊन बसायची, आणि बाकीच्यांनी आग्रह सुरू केला की पळायची. दमयंती उभी राहिली.

"कुणी उठू नका. मी पुन्हा वाढते. पण आता साळूबाईंचं व्रत आपण सगळ्यांनी धरायचं. एका जेवणापुरतं. बोलायचं नाही, घे म्हणायचं नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"आन पोर उपाशी ऱ्हायली तर?" छबूबाईने विचारलं.

"राहू दे."

"मला कसलं गं मौन लावतेस?" माई म्हणाल्या. "हे तोंड देवालाही गप्प करता आलं नाही."

"माई, एवढं एक जेवण द्या मला. मग तुम्ही जा म्हणालात, तर मीच तिला गाडीत बसवीन."

माईंनी सुनेकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि ताट पुढे ओढलं. दमयंतीने ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडले.

सगळ्या जेवू लागल्या. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. पलीकडे गोरक्ष खडे ओळीने मांडत बसला होता. मच्छिंद्र डुलत होता, त्याचं घुंगरू हलकं वाजत होतं. माईंचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं.

कोठीच्या दारात विजू येऊन उभी राहिली.

छबूबाई 'ये' म्हणणारच होती. माईंनी तिचा गुडघा दाबला.

विजू भिंतीला धरून आली. पाटावर बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, उलटसुलट करून पाहिला आणि तोंडात घातला. मग दुसरा. दमयंतीने मान खाली घातली होती. तिला आपलं ताट नीट दिसत नव्हतं. माईंचा हात सवयीने आमटीच्या पळीकडे गेला, मध्येच थांबला आणि परत मांडीवर आला.

तेवढ्यात अंगणातून शामकांत आला. तो स्टँडवर गाडीची चौकशी करून आला होता. त्याचं लक्ष ना पंगतीकडे ना मुलीकडे.

"पहाटेचीच गाडी आहे, माई," दारातूनच तो म्हणाला. "पाठवायचं ना हिला?"

विजूचा घास हातातच राहिला. छबूबाईने, साळूबाईने माईंकडे पाहिलं. दमयंतीने पाहिलं नाही.

माईंनी ओठ घट्ट मिटले, लेकाकडे पाहिलं, आणि वाढप्याला नको म्हणतात तसा ताटावर आडवा हात धरला.