मधला नंबर

नाकावर तपासणीची जड फ्रेम आणि हातात थरथरणारा फोन, अशा अवस्थेत देवस्थळी खुर्चीत सारखे चुळबुळत होते. चष्मेवाल्याने काच बदलली, की ते आधी फोनवर नजर टाकत. ऑफिसचा ग्रुप एव्हाना लख्ख दिसू लागला होता.

"स्क्रीनपासून किती लांब बसता?" चष्मेवाल्याने विचारलं.

"स्क्रीनपासून माहीत नाही," मागच्या बाकावरून बायको म्हणाली, "आमच्यापासून बरेच लांब बसतात."

देवस्थळी कसनुसे हसले. "हे बघा, जवळचा नको, लांबचा नको. कॉम्प्युटरपुरतं नीट दिसलं की झालं."

"मग मधला नंबर देतो. हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसेल. त्यापलीकडचं जरा धूसर."

देवस्थळींनी वळून पाहिलं. बाकावर एक जांभळा ढग बसला होता.

"त्यापलीकडे मी आहे," ढग म्हणाला. मग उठला, स्टूल ओढत आला आणि बरोबर हातभर अंतरावर बसला. "आता दिसते का?"

दिसली. तिच्या चष्म्याची दांडी शिवणाच्या काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

"हे कधी तुटलं?"

"दिवाळीत. तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही 'हो हो' म्हणालात, स्क्रीनकडे बघून."

फोन पुन्हा थरथरला. देवस्थळींनी तो पालथा घातला, फ्रेम उतरवली आणि खुर्चीतून उठले. "आधी हिचा नंबर काढा."

"अगंबाई!" ती खुर्चीत बसत म्हणाली. "लागला का माझा नंबर एकदाचा!"