गट्टूंखालचं अंगण

टिकेशनं सब्बल घातली आणि पहिला गट्टू उचकटला. फाटकाशी त्याची माय, दुलारीबाई, काखेत गाठोडं धरून उभी होती. ती रोजच तशी उभी असायची, घरी जायला तयार.

तीन वर्षांपूर्वी हे सिमेंटचे गट्टू त्यानंच बसवले होते. त्याचं लग्न ठरायचं होतं. गोंदियाहून मुलीकडची, रुचीच्या घरची माणसं घर बघायला यायची होती आणि टिकेशला अंगणातल्या शेणाच्या वासाची लाज वाटली. खोटं कशाला बोला, शेणानं हात भरलेल्या मायचीही वाटली. त्यानं तिला आठ दिवस तिरोड्याला तिच्या बहिणीकडे धाडलं आणि भिंतीपासून फाटकापर्यंत, बोटभर माती उघडी न ठेवता, लाल-पिवळे गट्टू ठोकून घेतले.

चाळीस वर्षं ते अंगण सारवणारी बाई परत आली, फाटकाशीच थबकली आणि म्हणाली, "हे काही माहं घर नाही." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं टिकेश हसला.

ते हसू त्याला पुरलं नाही. रोज सकाळी तिचं सुरू व्हायचं, "टिकेश, मले माह्या घरी नेऊन दे न बापा." डॉक्टर म्हणाले, "उमर का असर है." टिकेशनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, पण मन खायचं ते खायचंच. गट्टू काढू, काढू म्हणता धान आलं, ते वाळवायला फरशी बरी पडली. मग बारसं आलं, मग पुन्हा धान. गेल्या महिन्यापासून मायनं म्हणणंही सोडलं, नुसती उभी राहायची. चला, सवय झाली, असं त्यानं स्वतःला समजावलं.

काल ती सापडली गावाच्या टोकाला, लीलाबाईच्या मातीच्या अंगणात, सडा टाकताना.

"एवढं मोठं घर तुमचं," लीलाबाई म्हणाली, "अन् मायले शेन टाकाले माहं आंगन लागते काय?"

टिकेशनं मायला हाताला धरून परत आणलं आणि आज उजाडताच सब्बल काढली.

तीन वर्षं टाळलेलं काम अर्ध्या दिवसात उरकलं. त्याचीच त्याला जास्त शरम वाटली. खालची दगडाची चुरी खरवडली तेव्हा माती लागली, दबून दगड झालेली. त्यानं ती खणली, पाणी मारून चोपली आणि शेणाचं घमेलं मायपुढे आणून ठेवलं.

दुलारीबाईनं वाकून मातीचा वास घेतला. गाठोडं खाली ठेवलं. मग पदर खोचून ती बसली आणि तिचे हात आपोआप चालू लागले. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत बोटांच्या अर्धगोल रेघा उमटत गेल्या. शेवटी तिनं कडेनं पांढऱ्या छुई मातीचा पट्टा ओढला आणि सगळ्या अंगणावरून नजर फिरवली.

"माहं घर," ती हसून म्हणाली. "सापडलं."

टिकेश फाटकाशी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. दुलारीबाई जवळ आली. शेणानं भरलेला हात तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याचा चेहरा निरखून पाहिला.

"कोनाचा होय तू, बाबू? रडून काऊन राहिला? तुहंबी घर हरवलं का?"